घातपाताची पहिली खूण

आग लागली की सारे लोक एका दिशेने पळत सुटतात आणि बंबवाला तेवढा उलट्या दिशेने धावतो. ही त्याच्या पेशाची रीतच आहे, आणि समाजाला त्याच्याविषयी जो आदर वाटतो तोही बहुतांशी या उलट्या धावेपायीच. पिढ्यानपिढ्या त्याला एकच गोष्ट शिकविण्यात आली : वेळ दवडू नकोस. घंटा वाजली की बंब निघालाच पाहिजे, दार फोडले पाहिजे, आत शिरले पाहिजे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र याच माणसाला आणखी एक गोष्ट शिकवावी लागली, आणि ती पहिलीला जवळजवळ छेद देणारी होती. ती म्हणजे दारात क्षणभर थांबण्याची. समोर दिसतो आहे तो अपघात की कोणी जाणूनबुजून केलेला घात, याचा अंदाज उंबरठा ओलांडण्यापूर्वी घेण्याची. ही शिकवण कोणत्या प्रसंगांतून निघाली आणि तिच्यापायी कोणाला काय मोजावे लागले, याचा इतिहास फार जुना नाही. त्यातला मोठा भाग जपानच्या राजधानीत एका सकाळी दोन-तीन तासांत घडून गेला.

तो दिवस २० मार्च १९९५, सोमवारचा. दुसऱ्या दिवशी विषुवदिनाची सुटी होती. तरी कचेरीला निघालेल्या लोकांनी टोकियोच्या भुयारी गाड्या नेहमीसारख्या भरलेल्या होत्या. सकाळी आठच्या सुमारास हिबिया, चियोदा आणि मारुनोउची या तीन मार्गांवरील पाच गाड्यांत पाच माणसे चढली. प्रत्येकापाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. साऱ्या मिळून अकरा. त्यांनी त्या पायांपाशी ठेवल्या, मुद्दाम टोकदार केलेल्या छत्र्यांनी भोसकल्या आणि पुढच्या स्थानकावर ते उतरून गेले. पिशव्यांतून पाण्यासारखा एक द्रव डब्यांत पसरू लागला. हे तिन्ही मार्ग कासुमिगासेकी या स्थानकाकडे येतात, आणि त्या स्थानकाच्या माथ्यावरच जपानी सरकारच्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत.

टोकियोच्या अग्निशामक दलाला मदतीची पहिली हाक ८ वाजून ९ मिनिटांनी आली. ती कायाबाचो स्थानकातून होती आणि कोणी प्रवासी एकाएकी आजारी झाल्याची होती. एवढ्या मोठ्या शहरात असे रोजच घडते. मग दुसऱ्या स्थानकातून हाक आली, मग तिसऱ्या. कोणी सांगे गाडीत धूर झाला, कोणी सांगे स्फोट झाला. एका तासाच्या आत पंधरा निरनिराळ्या स्थानकांतून मदतीची मागणी झाली. आज नकाशा समोर ठेवून पाहणाराला त्या पंधरा ठिपक्यांतून तीन रेषा ताबडतोब दिसतात, आणि गाड्यांबरोबर धावणारी ही एकच विपत्ती आहे हेही दिसते. त्या सकाळी दूरध्वनीपाशी बसलेल्या माणसांना मात्र ते पंधरा वेगवेगळे अपघात वाटले. त्यात त्यांचा दोष काढण्यासारखे थोडेच आहे. ठिपके एकेक करून येत असता रेषा दिसणे ही गोष्ट सोपी नव्हे.

दरम्यान गाड्या चालूच होत्या. मारुनोउची मार्गावरील एका गाडीतून नाकानो-साकाउए स्थानकात बेशुद्ध प्रवाशांना उचलून बाहेर काढले, पिशव्याही उचलल्या, आणि ती गाडी नवे प्रवासी घेऊन पुढे निघाली. हिबिया मार्गावर एका प्रवाशाने पायापाशी गळणारी पुडी कोदेनमाचो स्थानकात लाथेने फलाटावर ढकलली. डबा वाचावा म्हणून त्याने केलेली ही साधी, समंजस कृती. पण तिने फलाटावर गाडीची वाट पाहणारांवर अनर्थ ओढवला. कासुमिगासेकी स्थानकात रेल्वेच्या नोकरांनी डबा झाडून पुसून काढला आणि पुडी उचलून बाजूला नेली. गाडी स्वच्छ ठेवणे हे त्यांचे कामच होते. त्यांच्यापैकी दोघे त्या कामातच मरण पावले.

त्या पिशव्यांत सारिन होते. या विषाचा जन्म १९३८ मधला, जर्मनीतला. किडीचा नाश करणारी औषधे शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती ते लागले, आणि शोधकांच्या नावांतील अक्षरे जुळवून त्याला हे नाव मिळाले. शरीरातील मज्जातंतू स्नायूंना जो संदेश देतात तो देऊन झाल्यावर पुसून टाकणारा एक पदार्थ शरीरातच असतो. सारिन नेमका त्यालाच निकामी करते. मग संदेश थांबतच नाही. डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी वाहू लागते, छाती आवळते, अंगाला झटके येतात आणि अखेर श्वास बंद पडतो. सगळ्यांत लवकर दिसणारी खूण डोळ्यांत असते : बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते. त्या सकाळी टोकियोत शेकडो माणसे एकच तक्रार करीत होती की, जग अंधारले आहे, दिवे मंद झाले आहेत.

ही खूण आपल्याकडील खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांना मुळीच अपरिचित नाही. शेतावर फवारण्याची पुष्कळशी औषधे सारिनच्याच कुळातली आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी व शेतमजूर विषबाधेने इस्पितळात दाखल झाले आणि त्यांतले काही दगावले. त्याआधी व त्यानंतरही विदर्भ-मराठवाड्यातील सरकारी दवाखान्यांत रात्री-अपरात्री असे रोगी येतच राहिले आहेत. बारीक बाहुली आणि गळणारी लाळ पाहिली की तेथील अनुभवी डॉक्टर ॲट्रोपीनची सुई भरायला सांगतो. टोकियोच्या मध्यवस्तीत, कचेरीला निघालेल्या सुटाबुटांतल्या माणसांच्या डोळ्यांत तीच खूण दिसावी आणि तिचा अर्थ पटकन लागू नये, यात नवल वाटण्याचे कारण नाही. खूण डोळ्यांना दिसते. पण ती कोठे दिसण्याची अपेक्षा करायची, हे मन ठरवीत असते.

त्सुकिजी स्थानकापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर सेंट ल्यूक्स हे जुने ख्रिस्ती इस्पितळ आहे. १९०२ मध्ये रुडॉल्फ ट्यूसलर या अमेरिकन मिशनरी डॉक्टराने ते स्थापिले. ८ वाजून १६ मिनिटांनी त्या इस्पितळाला अग्निशामक दलाकडून निरोप आला की, भुयारी स्थानकात गॅसचा स्फोट झाला आहे. तेव्हा भाजलेल्या रोग्यांची तयारी सुरू झाली. ८ वाजून २८ मिनिटांनी पहिला रोगी आला तो आपल्या पायांनी चालत, आणि त्याच्या अंगावर भाजल्याचा डागही नव्हता. त्याचे डोळे दुखत होते आणि त्याला अंधुक दिसत होते. त्यानंतर माणसांची रीघच लागली. कोणी चालत आले, कोणी टॅक्सीने. कोणाला रस्त्यावरच्या अनोळखी मोटारवाल्यांनी आणून सोडले. रुग्णवाहिकेतून आलेले त्या मानाने थोडेच. त्या एका दिवसात तेथे ६४० रोगी आले.

इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर शिगेआकी हिनोहारा त्या वेळी ८३ वर्षांचे होते. या गृहस्थांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. मार्च १९४५ मधील भयंकर हवाई हल्ल्यानंतर याच इस्पितळात त्यांनी होरपळलेल्या माणसांचे लोंढे पाहिले होते आणि जागेअभावी व साधनांअभावी होणारे मरण पाहिले होते. ती आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. इस्पितळाची नवी इमारत १९९२ मध्ये उभी राहिली, तेव्हा त्यांनी मार्गिकांच्या भिंतींतून आणि चॅपेलमध्येसुद्धा प्राणवायूच्या नळ्या बसवून घेतल्या. प्रार्थनेच्या जागी प्राणवायूची तोटी कशाला, असे ज्यांना वाटले असेल त्यांना तीन वर्षांनी उत्तर मिळाले. हिनोहारांनी त्या सकाळी नेहमीचे सारे काम थांबविले, येईल त्या प्रत्येक रोग्याला आत घेण्याचा हुकूम दिला, आणि चॅपेलची बाके रोग्यांनी भरून गेली.

पण याच चॅपेलने पुढच्या साऱ्या जगाला एक कडू धडा दिला. रोगी आपल्या कपड्यांसह आत आले होते, आणि कपड्यांत मुरलेले सारिन हळूहळू हवेत उडत होते. चॅपेलमध्ये वारा खेळण्याची सोय बेताची. मागाहून इस्पितळातल्या नोकरवर्गाची विचारपूस झाली तेव्हा ४७२ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ११० जणांना, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्श्याला, स्वतःलाच विषबाधेची लक्षणे जाणवली होती. आणि चॅपेलमध्ये काम केलेल्यांत हे प्रमाण शेकडा ४५.८ इतके होते. अग्निशामक दलाने त्या दिवशी १३१ रुग्णवाहिका आणि १,३६४ रुग्णसेवक धाडले होते. त्यांपैकी १३५ जणांना पुढे उपचार घ्यावे लागले. त्यांच्या अंगावर रोजचाच गणवेश होता. रोग्याला खांद्याशी धरून वर आणावे, गाडीत निजवावे, दार लावून घ्यावे, आणि बंद गाडीत त्याच्या कपड्यांतून उडणारी वाफ आपणही श्वासाबरोबर घ्यावी, असा तो प्रकार होता. त्यांतल्या कोणाचा मृत्यू झाला नाही, याचे एक कारण असे की, घाईघाईने तयार केलेले ते सारिन सुमारे तीस टक्केच शुद्ध होते. ते पूर्ण शुद्ध असते तर काय झाले असते, याचा विचारही अंगावर काटा आणतो.

विषाचे नाव कळण्यास सुमारे तीन तास लागले. अग्निशामक दलाच्या यंत्राने प्रथम ॲसिटोनायट्राइल दाखविले. ते खोटेही नव्हते, कारण सारिनमध्ये तो द्रव मिसळलेला होता. पण यंत्राने वाहन ओळखले आणि त्यावर बसलेला स्वार ओळखला नाही. अकराच्या सुमारास पोलिसांनी सारिनचे नाव जाहीर केले, आणि सेंट ल्यूक्समधील डॉक्टरांना ते कळले दूरचित्रवाणीवरून. त्याआधीच शेकडो मैलांवरून नव्हे, पण दोन-तीन पर्वतरांगा ओलांडून दुसरीकडून एक आवाज येऊन पोचला होता. नागानो प्रांतातील शिन्शू विद्यापीठाच्या इस्पितळातील डॉक्टर नोबुओ यानागिसावा यांनी दूरचित्रवाणीवर रोग्यांची लक्षणे ऐकली आणि टोकियोच्या इस्पितळांना दूरध्वनी केला : हे आम्ही पाहिलेले आहे. उपचारांची माहितीही त्यांनी धाडली. सारिनवर चालणारे पाम नावाचे औषध राजधानीत पुरेसे नव्हते. ते बाहेरगावांहून शिंकान्सेन गाडीने आणविण्यात आले.

यानागिसावांनी ते पाहिले होते कोठे? मात्सुमोतो नावाच्या गावी, नऊच महिन्यांपूर्वी. २७ जून १९९४ च्या रात्री त्या शांत गावातील एका वस्तीत लोक एकाएकी कोसळू लागले. सात माणसे मेली, शेकडो आजारी पडली. घराबाहेरची कुत्री मेली, तळ्यातले मासे पोट वर करून तरंगू लागले. युद्ध नव्हते, जवळ कारखाना नव्हता, स्फोट नव्हता, वास नव्हता. आणि माणूस, जनावर व मासा यांना एकाच वेळी एकच मृत्यू आला होता. ३ जुलैला पोलिसांनी जाहीर केले की, हे सारिन होय. शांततेच्या काळात नागरी वस्तीवर कोणी हे विष सोडल्याचे जगाला प्रथमच कळत होते. एका मालमोटारीवर तापविण्याचे व पंख्याचे यंत्र बसवून ते वाऱ्यावर सोडले गेले होते, आणि जवळच न्यायाधीशांची वसतिस्थाने होती. त्यांच्यापुढे ज्या पंथाचा जमिनीचा दावा चालू होता त्याच पंथाचे हे कृत्य होते, हे पुष्कळ मागाहून सिद्ध झाले.

तो पंथ ओम् शिनरिक्यो. भारतात हजारो वर्षे ज्या अक्षराने मन शांत करावयाचे ते अक्षर नावावर मिरवून शोको आसाहारा याने हे भांडवल उभे केले होते. त्याच्या अनुयायांत शास्त्र शिकलेले तरुण होते, डॉक्टरही होते. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी या खेड्यात त्यांची वसाहत होती. तेथील मातीत सारिनचे अवशेष सापडल्याची बातमी 'योमिउरी' या वर्तमानपत्राने १ जानेवारी १९९५ रोजी पहिल्या पानावर दिली. पोलिसांचा संशय पक्का होत चालला होता; २२ मार्चला वसाहतीवर छापा घालण्याचे ठरले होते आणि त्यासाठी पोलिसांनी सैन्याकडून विषरोधक पोषाख व मुखवटे मिळवून ते घालण्याचा सराव १९ मार्चला केला होता. हल्ला झाला तो दुसऱ्याच दिवशी. २२ मार्चला छापा पडला तेव्हा पोलिसांच्या हातांत पिंजरे होते आणि पिंजऱ्यांत कॅनरी पक्षी. विषारी वायू माणसाच्या आधी पक्ष्याला कळतो, ही खाणकामगारांची जुनी युक्ती. ती छायाचित्रे जगभर गेली.

म्हणजे २० मार्चच्या सकाळी ज्ञान नव्हते असे मुळीच नाही. मात्सुमोतोच्या डॉक्टरांपाशी ते होते, वर्तमानपत्राच्या दप्तरी होते, पोलिसांच्या कोठारात मुखवट्यांच्या रूपाने घडी घालून ठेवलेले होते. भुयाराच्या जिन्यावरून खाली उतरणाऱ्या रुग्णसेवकाच्या हाती तेवढे ते नव्हते. इंदूर-भोपाळकडच्या वाचकांना हे वाचताना २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची रात्र आठवल्याखेरीज राहणार नाही. भोपाळला घात नव्हता, हलगर्जीपणा होता. पण हमीदिया इस्पितळातील डॉक्टरांपुढे हजारो माणसे धडपडत येत असता, कोणता वायू सुटला आणि त्यावर उतारा काय, हे सांगणारे कोणी नव्हते. कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मिळाले ते उत्तर असे की, हा वायू अश्रुधुरासारखा डोळ्यांना झोंबणारा आहे, एवढेच. वायू वेगळा, हेतू वेगळा; दारात उभ्या असलेल्या डॉक्टराची असहायता तीच.

टोकियोत बारा माणसे लवकरच मरण पावली. पुढे तो आकडा वाढत चौदापर्यंत गेला. शेवटचा बळी पंचवीस वर्षे अंथरुणावर काढून २०२० मध्ये गेला. ५,५०० हून अधिक लोकांनी इस्पितळांचे दार ठोठावले. आसाहारा आणि त्याचे बारा साथीदार २०१८ च्या जुलैत फासावर गेले.

यानंतर जगातल्या अग्निशामक शाळांचा अभ्यासक्रम बदलला. अमेरिकेत १९९६ मध्ये कायदा होऊन मोठमोठ्या शहरांतील बंबवाले, पोलीस व रुग्णसेवक यांना या नव्या धोक्याचे शिक्षण देण्याचे ठरले. इंग्लंडात एक साधासा नियम रूढ झाला, आणि तो शाळकरी पोरालाही पाठ होईल. कारण न कळता एक माणूस कोसळलेला दिसला तर नेहमीप्रमाणे जा. दोघे दिसले तर जपून जा. तीन किंवा अधिक दिसले तर पुढे जाऊ नका. मागे सरा, कळवा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. एकटे मरण नैसर्गिक असू शकते. एकाच जागी, एकाच वेळी, जखमेवाचून तिघे पडत नाहीत, हा त्यातला हिशेब. त्याबरोबरच पाहावयास शिकविले जाते ते असे : झाडाखाली पक्षी मेलेले आहेत काय, नेहमीचे किडे-माश्या कोठे गेल्या, सारेच रोगी डोळ्यांविषयी बोलतात काय, कोठे मालक नसलेली फवाऱ्याची भांडी पडली आहेत काय. आणि रोग्याला इस्पितळात घेण्यापूर्वी दाराबाहेरच त्याचे कपडे उतरवून पाण्याने धुवावे, कारण विषाचा मोठा वाटा कपड्यांबरोबरच निघून जातो. सेंट ल्यूक्सच्या चॅपेलमधून निघालेला धडा तो हाच.

स्फोटाची गोष्ट आणखी निराळी. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात धडाका झाला, तेव्हा बंबवाल्यांना प्रथम वाटले की विजेचा ट्रान्सफॉर्मर फुटला. भर मध्यान्ही, शहराच्या पोटात, तसेच वाटणे साहजिक होते. खाली उतरल्यावर अनेक मजले भेदून गेलेला खड्डा दिसला. ट्रान्सफॉर्मर असा खड्डा पाडीत नाही. ती व्यापारी मोटारीत भरून आणलेल्या स्फोटकांची करणी होती आणि तीत सहा माणसे मेली. खड्डा, काँक्रीटचे तुकडे, ते कोणत्या दिशेला उडाले, हे सारे वाचता येते हे तेव्हापासून बंबवाल्यांना सांगण्यात येऊ लागले. दिवसही वाचता येतो. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा शहरातील सरकारी इमारत उडाली आणि १६८ माणसे मेली. बरोबर दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेला टेक्सासमधील वेको येथे एका पंथाच्या वसाहतीचा सरकारी वेढा आगीत संपला होता, आणि त्याचा सूड म्हणून ती तारीख निवडलेली होती.

पण सगळ्यांत दुष्ट युक्ती दुसऱ्या बॉम्बची. पहिला बॉम्ब लोकांसाठी, दुसरा मदतीला येणारांसाठी. १६ जानेवारी १९९७ रोजी अमेरिकेत अटलांटाजवळ एका दवाखान्यापाशी स्फोट झाला. पोलीस, बंबवाले, वार्ताहर जमले, आणि तासाभराने मोटारी उभ्या करण्याच्या जागी दुसरा स्फोट झाला. त्यात मदतीला आलेलेच जखमी झाले. महिन्याभराने, २१ फेब्रुवारीला, त्याच शहरातल्या एका नाइटक्लबात असाच स्फोट झाला. या वेळी मात्र आलेल्या पोलिसांनी रोग्यांकडे पाहता पाहता आवारही नजरेखालून घातले आणि दुसरा बॉम्ब फुटण्यापूर्वीच शोधून काढला. पाच आठवड्यांत शिकलेला धडा! आपल्याकडे, बडोद्यापासून दूर नव्हे, अहमदाबादेत २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी बाजारांत स्फोट झाले आणि जखमींना घेऊन लोक सिव्हिल इस्पितळाच्या आवारात पोचले, तेव्हा तेथे ठेवलेले बॉम्ब फुटले. रोगी, रोग्यांचे नातलग, सेवा करणारे, सारे एकत्र सापडले. इस्पितळाच्या फाटकाशी प्रत्येक गाडी तपासावी काय, आणि ती तपासीत असता आतल्या माणसाचे रक्त वाहू द्यावे काय, हा प्रश्न कोणत्याही पुस्तकाने पुरता सोडविलेला नाही.

ओक्लाहोमात तो फार क्रूर रूपात उभा राहिला. सकाळी साडेदहाच्या सुमारास ढिगाऱ्यात दुसरा बॉम्ब असल्याची वार्ता पसरली आणि साऱ्यांना बाहेर पडण्याचा हुकूम झाला. ढिगाऱ्याखाली अडकलेली जिवंत माणसे हात धरून विनवीत होती की, आम्हांला सोडून जाऊ नका. आणि बंबवाल्यांना ते हात सोडावे लागले. बॉम्ब नव्हताच. हुकूम देणाराने चूक केली असे मात्र म्हणवत नाही.

खूण चुकीची वाचली जाते तेव्हा काय होते, याचीही एक बाजू आहे आणि ती मुंबईकरांना ठाऊक असावयास हवी. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजाच्या पोटात शेकडो टन स्फोटके होती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा असा संकेत. तो बावटा जहाजावर नव्हता. बंबवाले आगीशी झुंजत असता चार वाजून काही मिनिटांनी पहिला महास्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. शहरात एकच हाकाटी उठली की, जपान्यांनी हल्ला केला. युद्धाचे दिवस, आणि आकाशातून सोन्याच्या विटांपासून जळत्या गासड्यांपर्यंत काय वाटेल ते पडत होते. दुसरे काही सुचावे तरी कसे? चौकशीत निघाले ते एवढेच की, तो अपघात होता. त्या दिवशी बंबखान्याचे ६६ जवान मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो.

मुंबईत घाताच्या संशयाला बळी पडायला शत्रू तरी होता, आणि तो दूर होता. मात्सुमोतोत तसे झाले नाही. तेथे त्या रात्री रुग्णवाहिकेसाठी प्रथम दूरध्वनी करणारा गृहस्थ स्वतः विषबाधित होता आणि त्याची पत्नी बेशुद्ध पडली होती. त्याच्या घरात छायाचित्रे धुण्याची वगैरे काही रसायने सापडली. तेवढ्यावरून पोलिसांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले आणि वर्तमानपत्रांनी त्याला जवळजवळ अपराधीच ठरविले. त्याच्या घरी सापडलेल्या रसायनांपासून सारिन तयार होऊच शकत नाही, हे रसायनशास्त्र जाणणारे सांगत होते. पण ते ऐकावयास कोणाला सवड नव्हती. लोकांची शिवीगाळीची पत्रे येत राहिली, आणि तो आजारातून उठून आपल्या बेशुद्ध पत्नीच्या उशाशी जाऊन बसत राहिला. टोकियोचा हल्ला झाल्यावरच त्याच्यावरचा डाग निघाला. वर्तमानपत्रांनी क्षमा मागितली.

पुढे २००२ मध्ये नागानो प्रांताच्या गव्हर्नराने त्याला पोलिसांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा मंडळावर नेमले. त्याची पत्नी शुद्धीवर आली नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये, चौदा वर्षांनी, ती गेली, आणि मात्सुमोतोच्या मृतांचा आकडा सातावरून आठ झाला.